ब्रेक नसलेल्या मोटरसायकली आणि रेडिंगचा शेवटचा हंगाम



स्लाऊमधल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, वीकएंडला काय करता? उत्तरं ठरलेली. शनिवारी हाय स्ट्रीटवर भाजी, मुलांचा स्विमिंग क्लास, कुणाकडे तरी पावभाजी, आणि पाहुणे आले असतील तर विंडसर कॅसल (हे आत्तापर्यंत प्रत्येकाचं दहा वेळा तरी झालंय). खेळ म्हणाल तर क्रिकेट आणि फुटबॉल. तेही बरंचसं टीव्हीवर.

इथून एम-4 ने अर्ध्या तासावर, रेडिंगला, 2008 पर्यंत एक वेगळाच खेळ चालायचा. आपल्यापैकी फार थोडे तिकडे फिरकले. त्याचं नाव स्पीडवे. इंग्लंडात येऊन वीस वर्षं झालेल्या मित्रांनाही हा शब्द सांगितला की ते म्हणतात, "म्हणजे फॉर्म्युला वन?" नाही हो. फॉर्म्युला वनचा आणि याचा संबंध तेवढाच, जेवढा वानखेडेवरच्या टेस्टचा आणि आझाद मैदानावरच्या कांगा लीगचा. आणि आज लिहायचंय ते त्यातही खालच्या पायरीबद्दल, म्हणजे दुसऱ्या फळीच्या लीगबद्दल. जिथे पैसा कमी, प्रसिद्धी त्याहून कमी, आणि तरी माणसं पिढ्यान् पिढ्या येतात.

खेळ आहे तरी काय

चार मोटरसायकली, चार फेऱ्या, लंबगोल ट्रॅक. ट्रॅकवर शेल नावाच्या दगडाची लालसर भुकटी पसरलेली. लांबून पाहिलं तर कोल्हापूरच्या आखाड्यातली तांबडी माती आठवावी अशी. गाड्या 500 सीसीच्या, एका सिलिंडरच्या, आणि पेट्रोलऐवजी मेथॅनॉलवर चालणाऱ्या. एकच गिअर. आणि ब्रेक? ब्रेक नाहीत. पुढे नाही, मागे नाही, कुठेच नाही.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो की मग वळणार कसे? गंमत तिथेच आहे. वळणावर रायडर गाडी मुद्दाम आडवी घसरवतो. मागचं चाक बाहेर जातं, पुढचं चाक वळणाच्या उलट दिशेला, म्हणजे उजवीकडे वळलेलं असतं आणि गाडी मात्र डावीकडे जाते! डाव्या बुटाला लोखंडी तळ बांधलेला असतो, तो पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. वेग कमी-जास्त करायचा तो थ्रॉटलने आणि अंगाच्या वजनाने. ब्रेक नसणं हीच इथली सुरक्षितता, असं जाणकार सांगतात, कारण पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्यावर जाऊन आदळतील. आपल्या जत्रेतला मौत का कुआँ पाहिलेल्यांना हा हिशेब लगेच कळेल.

एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. प्रत्येक शर्यतीत दोन रायडर यजमान संघाचे, दोन पाहुण्यांचे. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. नेहमीच्या सामन्यात अशा 15 शर्यती. म्हणजे प्रत्येकी 6 प्रमाणे एकूण 90 गुण, आणि 46 झाले की सामना खिशात. शर्यतींच्या मधे ट्रॅक्टर फिरून ट्रॅक सारखा करतो, तेवढ्यात लोक चहा आणि चिप्स आणून घेतात.

प्रेक्षकही बघण्यासारखे. बहुतेकांच्या हातात प्रोग्रॅमची पुस्तिका आणि पेन. प्रत्येक शर्यतीचा निकाल स्वतःच्या हाताने चौकटीत भरायचा. पूर्वी आपल्याकडे आकाशवाणीवर कॉमेंटरी ऐकत वहीत स्कोअर लिहिणारे काका असत ना, त्यांचेच हे इंग्रज भाऊबंद. सत्तरीच्या आजीबाई फ्लास्कमधला चहा पीत "ही शर्यत पाच-एक जायला हवी होती" असं शेजारच्याला सुनावत असतात.

आणि वास! मेथॅनॉलच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेलापासून बनवलेलं तेल घालायची परंपरा या खेळात फार जुनी. जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास ज्याला एकदा लागला तो सुटत नाही म्हणतात. लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या आपल्या पिढीला मात्र वेगळंच काहीतरी आठवतं, ते असो.

आणखी एक ओळखीची खूण म्हणजे जावा. वडिलांच्या किंवा काकांच्या पिढीत ज्यांच्याकडे जावा किंवा येझदी होती, त्यांना सांगायला हरकत नाही की त्याच चेकोस्लोव्हाकियाच्या जावाने स्पीडवेच्या गाड्याही बनवल्या आणि कित्येक जगज्जेते त्यांवर जिंकले. म्हैसूरच्या कारखान्यातून आपल्याकडे आली ती दूध आणि टपाल वाहणारी सोशिक बहीण. तिला ब्रेक होते, एवढाच फरक.

एका हंगामाचं गणित

ब्रिटनमध्ये या खेळाचा जन्म सहसा 19 फेब्रुवारी 1928 चा धरतात. एपिंग फॉरेस्टमधल्या हाय बीचला त्या दिवशी अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली. पुढे जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी वेम्बलीला होऊ लागली. पहिली 1936 ला, तिथली शेवटची 1981 ला, आणि त्या शेवटच्या रात्री नव्वद हजारांवर लोक होते. यावरून खेळ एकेकाळी केवढा होता ते कळेल.

लीगच्या फळ्या अनेकदा बदलल्या, नावंही बदलली. 1968 मध्ये ब्रिटिश लीगची दुसरी डिव्हिजन सुरू झाली. 1997 मध्ये वरच्या फळीला एलिट लीग आणि दुसऱ्या फळीला प्रीमियर लीग म्हणायला लागले. (फुटबॉलवाल्यांनी गोंधळू नये. फुटबॉलची प्रीमियर लीग सगळ्यात वरची, स्पीडवेची दुसरी!) 2017 पासून दुसऱ्या फळीला चॅम्पियनशिप हे नाव मिळालं.

हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. प्रत्येक क्लबचा घरचा वार ठरलेला. शेफील्ड म्हटलं की गुरुवार, एडिनबरा म्हटलं की शुक्रवार, बर्विक म्हटलं की शनिवार. आपल्याकडे आठवडी बाजार कसा? नारायणगावचा वार वेगळा, मंचरचा वेगळा, म्हणजे व्यापाऱ्याला सगळीकडे जाता यावं. इथेही तेच. रायडर हेच फिरते व्यापारी, व्हॅनमध्ये दोन गाड्या, सुटे भाग आणि एक मेकॅनिक घालून गावोगाव हिंडणारे.

दुसऱ्या फळीतल्या रायडरचं पोट गुणांवर चालतं. जितके गुण, तितके पैसे. पडलात, गाडी बिघडली, शून्य गुण, तर त्या शर्यतीचं जवळजवळ काहीच नाही. टायर, इंजिनाची दुरुस्ती, डिझेल हा खर्च बहुधा ज्याचा त्याने पाहायचा. त्यामुळे दिवसा प्लंबिंग किंवा सुतारकाम आणि संध्याकाळी शर्यत अशी माणसं या फळीत नेहमीच दिसत आली. आपण परफॉर्मन्स बोनसवर कुरकुरतो. इथे अख्खा पगारच परफॉर्मन्सवर, आणि अप्रेझल दर मिनिटाला!

यातली सगळ्यात रंजक गोष्ट म्हणजे सरासरीचं गणित. प्रत्येक रायडरची सरासरी काढतात ती अशी: एकूण गुण भागिले एकूण शर्यती, गुणिले चार. समजा 20 शर्यतींत 40 गुण मिळवले, तर सरासरी 8.00. यात एक बारकावा आहे. आपलाच जोडीदार पुढे असेल आणि आपण त्याच्या लगेच मागे, प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलो, तर एक बोनस गुण मिळतो. तो संघाच्या धावफलकात नाही, पण रायडरच्या सरासरीत आणि खिशात धरतात. म्हणजे जोडीदाराला हरवायला जाऊन उगाच दोघांनी पडू नये याची सोय. संघभावना पैशांत मोजलेली, पण मोजलेली तरी आहे.

हंगामाच्या सुरुवातीला संघातल्या सातही जणांच्या सरासरीची बेरीज एका ठरावीक मर्यादेच्या आत बसावी लागते. मर्यादा लीग दर वर्षी ठरवते. हेतू हा की कुणा श्रीमंत क्लबाने सगळे तगडे गडी गोळा करू नयेत. आयपीएलच्या लिलावात पैशांची मर्यादा असते, इथे गुणांची. पण याचा एक उलटा परिणाम होतो. संघ उत्तम खेळला की सगळ्यांच्या सरासऱ्या वाढतात, बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि पुढच्या वर्षी कुणालातरी सोडावंच लागतं. जिंकलेला संघ जिंकल्यामुळेच फुटतो. मार्चमध्ये नवखा म्हणून कमी सरासरीवर घेतलेला पोरगा ऑगस्टमध्ये चमकू लागतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आजीबाईंना तेव्हाच ठाऊक असतं की हा काही पुढल्या वर्षी आपल्याकडे राहत नाही.

म्हणून दुसरी फळी म्हणजे शाळा. 2013, 2015 आणि 2018 असा तीनदा जगज्जेता झालेला ब्रिटनचा टाय वॉफिंडेन पोरवयात हर्टफर्डशरच्या राय हाउसकडून याच फळीत खेळला. राय हाउसने 2007 ची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. 2017 चा जगज्जेता, ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल, हाही याच पायऱ्या चढून वर गेला. कांगा लीगच्या चिखलात ज्यांना खेळताना पाहिलं ते पुढे टेस्ट खेळले, हे सांगणारे मुंबईकर भेटतात ना? तशीच मिरवायची गोष्ट इथेही असते. फक्त पाऊस दोघांना वेगवेगळा लागू पडतो. कांगा लीग पावसातच खेळायची असते, स्पीडवे मात्र पाऊस पडला की रद्द. आणि हंगाम इंग्लंडातला, म्हणजे किती सामने वाहून जात असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या शेजारचा क्लब

आता रेडिंगकडे. रेडिंग रेसर्स 1968 मध्ये, दुसरी डिव्हिजन सुरू झाली त्याच वर्षी, टाइलहर्स्टच्या स्टेडियमवर उभे राहिले. 1971 मध्ये वरच्या फळीत गेले, 1973 मध्ये ब्रिटिश लीग जिंकली. त्या संघातला स्वीडनचा अँडर्स मिशानेक पुढच्याच वर्षी, 1974 ला, जगज्जेता झाला. आणि जिंकल्या वर्षाच्या शेवटीच टाइलहर्स्टचं स्टेडियम बंद! जागेवर घरं बांधायची होती.

एक वर्ष क्लब बेघर. 1975 मध्ये शहराच्या दक्षिणेला, कचऱ्याच्या डेपोशेजारी, स्मॉलमीडचं नवं स्टेडियम तयार झालं. दिसायला यथातथाच, कुत्र्यांच्या शर्यतीही तिथेच. पण तेहतीस वर्षं ते घर टिकलं. 1980, 1990 आणि 1992 मध्ये पुन्हा लीग जिंकली. 1990 चा जगज्जेता पेर योन्सन हा स्वीडिश रायडर रेडिंगचाच. ब्रॅडफर्डला झालेल्या त्या अंतिम फेरीत गुण समान झाले, आणि निर्णायक जादा शर्यतीत त्याने बाजी मारली.

1997 मध्ये फळ्या वेगळ्या झाल्या तेव्हा रेडिंगने खालची फळी निवडली आणि पहिल्याच वर्षी प्रीमियर लीग जिंकली. पुढची आठ-नऊ वर्षं क्लब याच फळीत राहिला. स्लाऊ, मेडनहेड, ब्रॅक्नेल भागात आयटीवाले मराठी लोक मोठ्या संख्येने येऊ लागले ते नेमके याच काळात, वायटूके आणि त्यानंतर. मीही त्यातलाच. शेजारी दर आठवड्याला हा तमाशा चालू होता आणि आपण एम-4 वरच्या ट्रॅफिकमध्ये रेडिओ ऐकत त्याच्या बाजूने जात होतो! मला एका इंग्रज सहकाऱ्याने नेलं म्हणून दिसलं. त्या काळात स्लोव्हेनियाचा मातेय झागर तिथे खेळायचा. तो वळणावर बाहेरच्या बाजूने कुंपणाला चिकटून असा यायचा की आपोआप डोळे मिटावेत. पुढे तो जागतिक ग्रांप्री मालिकेत गेला.

2006 मध्ये क्लब वरच्या फळीत परतला. ग्रांप्री मालिका चालवणाऱ्या बीएसआय कंपनीने तो घेतला होता, नाव बदलून रेडिंग बुलडॉग्ज केलं. अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक आला, जो 1997 चा जगज्जेता होता आणि पुढे आणखी तीनदा झाला. पहिल्याच वर्षी संघ एलिट लीगच्या अंतिम फेरीत पोचला आणि पीटरबरोकडून हरला. नाव बदललेलं जुन्या प्रेक्षकांना फारसं रुचलं नव्हतं. ते रेसर्सच म्हणत राहिले, जसे आपण अजून व्ही.टी. म्हणतो.

2008 मध्ये मालक पुन्हा बदलले, रेसर्स हे नाव परत आलं, आणि क्लब पुन्हा दुसऱ्या फळीत उतरला. म्हणजे पुन्हा एडिनबरा, ग्लासगो, बर्विक, वर्किंग्टन, फेरीने जायचं आयल ऑफ वाइट, आणि शेजारचं राय हाउस. त्या वर्षी लीग एडिनबराने जिंकली. रेडिंगच्या लोकांना मात्र गुणतक्त्यापेक्षा कॅलेंडरची काळजी होती, कारण स्मॉलमीड पाडून जागेचा पुनर्विकास होणार हे ठरलेलं होतं. नवं स्टेडियम जवळच उभं करायच्या योजना कागदावर होत्या. 1973 ला असंच झालं होतं, वर्षभर थांबलो, 1975 ला परत आलो, तसंच आताही होईल, असं म्हणणारे पुष्कळ होते.

झालं नाही. 2008 चा हंगाम संपला, स्मॉलमीड पाडलं गेलं, नवं स्टेडियम आलंच नाही. रेडिंगमध्ये त्यानंतर लीगचा स्पीडवे नाही. ए-33 वरून जाताना फुटबॉलचं मोठं स्टेडियम दिसतं, जे 1998 मध्ये त्याच परिसरात उभं राहिलं. स्पीडवेची खूण शोधूनही सापडणार नाही.

पोलंडमधला एक रस्ता

इथे पेर योन्सनची गोष्ट पुरी करतो. रेडिंगबरोबरच तो पोलंडमध्ये तोरुन शहराच्या संघाकडूनही खेळायचा. 1994 मध्ये पोलंडमधल्याच एका शर्यतीत तो पडला, पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि उरलेलं आयुष्य व्हीलचेअरवर आलं. या खेळात हे होतं. कारकिर्दीच्या सुरुवातीला रेडिंगकडून खेळलेला, 1999 चा ज्युनियर जगज्जेता ली रिचर्डसन 13 मे 2012 रोजी पोलंडमध्ये व्रोत्सवाफच्या ट्रॅकवर झालेल्या अपघातानंतर गेला. वय अवघं 33. ब्रेक नसलेल्या गाडीची गंमत लिहिताना हेही लिहायला हवं.

तोरुनने 2009 मध्ये स्पीडवेसाठी नवं कोरं स्टेडियम उघडलं. ते ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला नाव आहे पेर योन्सनचं. म्हणजे स्मॉलमीड जमीनदोस्त होत होतं त्याच सुमाराला, दुसऱ्या देशात, रेडिंगच्या रायडरच्या नावाच्या रस्त्यावर हजारो लोक शर्यतीला जायला लागले. एकाच माणसाला दोन गावांनी कसं आठवणीत ठेवलं, बघा.

जागा गेली की

स्पीडवे ब्रिटनमध्ये लोकांना आवडेनासा झाला म्हणून मागे पडला, असं आपण सहज म्हणू. प्रेक्षक घटले हे खरंच आहे. पण यादी पाहिली तर कारण बहुतेक वेळा जमिनीत सापडतं. विम्बल्डनचा स्पीडवे 2005 ला संपला. कॉव्हेन्ट्रीच्या ब्रँडन स्टेडियमवर 2016 नंतर शर्यत नाही. राय हाउस 2018 च्या मध्येच थांबलं. स्विंडन 2019 ला वरच्या फळीचं विजेतं होतं, आणि त्यानंतर तिथे एकही सामना झाला नाही. पीटरबरो आणि वुल्वरहॅम्प्टन, दोघांचा शेवटचा हंगाम 2023. शहर वाढतं, कडेची जमीन मधोमध येते, तिची किंमत वाढते, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तीन तास वापरल्या जाणाऱ्या लंबगोल ट्रॅकचा हिशेब कुठल्याच एक्सेल शीटमध्ये बसत नाही. आपल्या स्लाऊचं कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियमही 1987 मध्ये असंच गेलं. आज त्या जागेवर सुपरमार्केट आहे.

याच्या उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टाने मे 2014 मध्ये बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे, त्या वादात इथे शिरत नाही. मुद्दा वेगळा. साडेसात वर्षं खेळ कायद्याने बंद होता, तरी परवानगी येताच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात शर्यती पुन्हा सुरू झाल्या. कारण घाट जागेवर होते. यात्रेचा दिवस ठरलेला होता. खेळ बंद केला तरी माळ गावाचाच राहिला होता. रेडिंगला स्पीडवेवर कुणीच बंदी घातली नाही. फक्त माळ गेला.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, ऑक्सफर्डने ते करून दाखवलंय. तिथलं काउलीचं स्टेडियम 2012 च्या अखेरीस बंद झालं, स्पीडवे त्याच्याही आधी थांबला होता. जागेवर घरं बांधायचा प्रस्ताव आलाच. पण लोक अडून बसले, कौन्सिलने तो परिसर संरक्षित ठरवला, घरं झाली नाहीत. दहा वर्षं गवत वाढलं. मग एका नव्या चालकाने स्टेडियम भाड्याने घेऊन दुरुस्त केलं, आणि एप्रिल 2022 मध्ये ऑक्सफर्ड चीताज त्याच ट्रॅकवर परत आले. कुठल्या फळीत? दुसऱ्याच. लीग त्या वर्षी पूलने जिंकली (2021, 2022 सलग दोन्ही त्यांचीच), पण ऑक्सफर्डवाल्यांना त्याचं काय! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ज्यांनी बापाचं बोट धरून शर्यती पाहिल्या होत्या ते स्वतःच्या पोरांना घेऊन आले. स्टेडियम शाबूत होतं म्हणून हे जमलं. ते पाडून तिथे फ्लॅट झाले असते तर ही संध्याकाळ कुणाला कितीही हवी असली तरी मिळाली नसती.

आपला काय संबंध

कुणी म्हणेल, चांगलं आहे, पण हे आम्हाला कशाला? मला संबंध दिसतो तो असा. आपण इथे गणपती बसवतो, दिवाळी पहाट करतो, मुलांचा मराठीचा वर्ग भरवतो. हे सगळं कुठे होतं? शाळेच्या हॉलमध्ये, कम्युनिटी सेंटरमध्ये, कधी चर्चच्या सभागृहात. ते हॉल आपले नाहीत. ज्या वर्षी हॉल मिळत नाही त्या वर्षी कार्यक्रमाचा उत्साह अर्धा होतो, आणि दोन वर्षं सलग मिळाला नाही तर वर्ग बंदच पडतो. मराठी तीच, मुलं तीच, शिकवणाऱ्या ताईही त्याच. रेडिंगच्या लोकांनी हे आपल्या आधी भोगलंय. तेव्हा एखादं कम्युनिटी सेंटर किंवा मैदान विकायला निघालं, कौन्सिलची नोटीस लागली, तर ती "गोऱ्यांची भानगड" म्हणून सोडून देऊ नका. नियोजनाच्या अर्जावर हरकत नोंदवायला या गावात राहणं पुरतं. ऑक्सफर्डचं स्टेडियम वाचलं त्यात अशा शेकडो साध्या पत्रांचा वाटा होता.

आणि दुसरं, साधंसं. एकदा जाऊन बघा. एडिनबरा बघायला जाणारच असाल तर शुक्रवार गाठून शहराबाहेर आर्माडेलला जाता येतं. पूलला समुद्रकिनाऱ्यावर जाता तेव्हा सामन्याचा वार जुळतो का पाहा. ग्लासगोत नातेवाईक असतील तर ॲशफील्डचं स्टेडियम आहे. निघण्याआधी क्लबचं वेळापत्रक जरूर तपासा, कारण या खेळात पाऊस आणि जमीनमालक दोघांचाही भरवसा नाही. मुलांना घेऊन जा, कानात घालायला बोळे न्या, आणि पहिल्या वळणाजवळ पांढरे कपडे घालून उभं राहू नका. लाल शेल उडतं, आणि ते धुतल्यावर पूर्ण निघत नाही.

प्रोग्रॅमची पुस्तिका मात्र नक्की विकत घ्या आणि पेन बरोबर न्या. पहिल्या दोन-तीन शर्यतींत चौकटी चुकतील. शेजारची कुणीतरी आजी न विचारता तुमची पुस्तिका हातात घेईल, बरोबर आकडे लिहून देईल, आणि 1973 पासून सांगायला सुरुवात करेल. ऐकून घ्या. घाई असलीच तर पुढची शर्यत मिनिटभराचीच असते.

लोभ असावा,
स्लाऊहून